परदेशी शिकवायला जाताना

इंग्रजी शिकवून चार पैसे मिळवायला परदेशी जावं, असं आज अनेक तरुणांना वाटतं. त्यात वावगं काही नाही. पण निघण्यापूर्वी आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांची हकीकत ऐका. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते युद्धग्रस्त चीनमध्ये गेले, ते पैशासाठी नव्हे. तिथं चिनी भाषा शिकून त्याच भाषेत त्यांनी वैद्यकाचे विद्यार्थी तयार केले. १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते तिथंच वारले. एवढा त्याग सर्वांनी करावा, असं नव्हे. करार नीट वाचा, पगारातून घरभाडं नि प्रवासखर्च वजा करून पाहा. आणि ज्या मुलांना शिकवायचं, त्यांची भाषा थोडी तरी शिकून घ्या.