अरब लोकसमूहांतील टाइप २ मधुमेहाचा जनुकीय शोध : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अरबी द्वीपकल्पातील समाज पशुपालन, खजुराची शेती, मोत्यांचा व्यवसाय व सागरी व्यापार यांवर उपजीविका करीत असे. १९३८ मध्ये सौदी अरेबियातील दम्माम आणि कुवेतमधील बुरगान येथे खनिज तेल सापडले व दोन-तीन पिढ्यांतच आहार, श्रम आणि वसती यांचे स्वरूप आमूलाग्र पालटले. सौदी अरेबियात १९९५ ते २००० या काळात झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीत ३० ते ७० वयोगटातील २३.७ टक्के व्यक्तींना मधुमेह असल्याचे आढळले. या व्याधीचे मूळ रक्तात शोधावे की राहणीत, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

काटकसरी जनुकाची उपपत्ती

अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ मध्ये एक उपपत्ती मांडली. दुष्काळात चरबी साठविण्यास साहाय्यभूत ठरणारी जनुके सुबत्तेच्या काळात मधुमेहास कारणीभूत होतात, असे तिचे सार होते. वाळवंटातील भटक्या टोळ्यांच्या वंशजांना ही उपपत्ती सहज लागू पडेल असे वाटते. तथापि अन्नटंचाई ही केवळ वाळवंटाची मिरासदारी नव्हे. शिवाय १९९२ मध्ये हेल्स व बार्कर यांनी गर्भावस्थेतील कुपोषणाकडे लक्ष वेधून जन्मपूर्व परिस्थितीचे महत्त्व दाखवून दिले.

आयात निष्कर्षांची कसोटी

२००६ मध्ये आइसलँडमधील संशोधकांनी टीसीएफ७एल२ या जनुकाचा टाइप २ मधुमेहाशी असलेला संबंध उघड केला. २००७ मध्ये पुण्यातील व्यक्तींच्या अभ्यासातून भारतीयांमध्येही तो दृढ असल्याचे दिसले. त्याच वर्षी मोरोक्कोतील अभ्यासानेही त्यास दुजोरा दिला. मात्र २००८ मध्ये सौदी अरेबियातील अभ्यासात हा संबंध क्षीण किंवा जवळजवळ नसल्याचे आढळले. पुढे पॅलेस्टिनी लोकसमूहात तो पुन्हा दिसून आला. भाषा एक असली तरी मगरिब, शाम व अरबी द्वीपकल्प येथील लोकसमूहांचा वांशिक इतिहास एक नाही. त्यामुळे 'अरब जनुक' ही कल्पनाच तपासून घ्यावी लागते.

रक्तसंबंधातील विवाहांकडेही अनेकदा बोट दाखविले जाते. एकाच जनुकातील दोषामुळे उद्भवणाऱ्या विकारांत अशा विवाहांचा परिणाम स्पष्ट आहे. टाइप २ मधुमेहात मात्र अनेक जनुकांचा प्रत्येकी अल्प वाटा असल्याने केवळ या प्रथेने त्याचा उलगडा होत नाही.

कतारने २०१३ मध्ये राष्ट्रीय जनुकसंच प्रकल्पाचा प्रारंभ केला. त्यातील सहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या जनुकसंचावर आधारित अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपीय लोकसमूहांवरून तयार केलेली जनुकीय गुणांकने कतारी लोकसमूहात तितकीशी अचूक ठरत नाहीत, असे त्यातून निदर्शनास आले. धोक्याचा अंदाज परक्या मापाने घेतल्यास ज्याला प्रतिबंधक उपचार हवा तोच नजरेआड राहू शकतो.

समारोप

एखाद्या लोकसमूहातील जनुकांचे प्रमाण दोन-तीन पिढ्यांत फारसे बदलत नाही. अरबी द्वीपकल्पात या अवधीत बदलली ती जीवनपद्धती. जनुके कोणाला अधिक जपावे हे सुचवितात; साथीसारखी झालेली वाढ मात्र इतिहासाच्या साहाय्यानेच समजते. मधुमेहाला वंशाचे प्राक्तन मानणारी भूमिका म्हणूनच केवळ अपुरी नव्हे, तर आहार, श्रम व नगररचना यांविषयीच्या सार्वजनिक जबाबदारीपासून समाजाला परावृत्त करणारीही ठरते.