कौंटीची निवडणूक

अमेरिकेतल्या निवडणुकीचा विषय निघाला की आपल्याकडची नातेवाईक मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: तिथला निवडणूक आयोग कुठे असतो? उत्तर ऐकून सगळेच चक्रावतात. आपल्यासारखा, देशभर मतदान घेणारा आयोग तिथे नाहीच! केंद्रात एक आयोग आहे, पण तो पाहतो प्रचाराच्या पैशांचा हिशेब. शाळेच्या बोर्डापासून राष्ट्राध्यक्षापर्यंत सगळ्यांचं मतदान बहुतेक राज्यांत कौंटीचं ऑफिस घेतं. कौंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, आणि अशा कौंट्या ३ हजारांवर आहेत.

हे असं का, याचं उत्तर इतिहासात आहे. जॉर्ज कॅलेब बिंगहॅम या मिसुरीच्या चित्रकाराने १८५२ मध्ये एक चित्र काढलं, 'द कौंटी इलेक्शन'. नेटवर जरूर शोधून बघा. पायऱ्यांवर मतदारांची रांग, वर एक जण बायबलवर हात ठेवून शपथ घेतोय, मागे कारकून वहीत लिहितायत. एका बाजूला दारू वाटली जातेय. बाई एकही नाही. आणि मतपत्रिकाही नाही! कारण मत मोठ्याने सांगायचं असे. सावकार, मालक, शेजारी, सगळे ऐकायला हजर. बिंगहॅमने हे जवळून पाहिलं होतं. १८४६ मध्ये तो स्वतः राज्याच्या विधिमंडळासाठी उभा होता. तीन मतांनी जिंकला, पण प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली आणि जागा गेली. दोन वर्षांनी मात्र त्याने त्याच माणसाला हरवलं.

तोंडी मतदान मागे पडत गेलं तशा कागदी चिठ्ठ्या आल्या, पण त्या छापायचे पक्ष. रंगीत चिठ्ठी हातात घेऊन चाललेला माणूस कुणाचा, हे लांबूनही कळायचं. सरकारने छापलेली, सगळ्या उमेदवारांची नावं असलेली गुप्त मतपत्रिका ऑस्ट्रेलियात १८५६ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने ती १८८८ मध्ये राज्यभर लागू केली आणि बाकीची राज्यं मागोमाग आली. माझ्या मते कौंटीचा कारकून खरा महत्त्वाचा झाला तो इथे. तोपर्यंत तो वही सांभाळत होता, आता कागद कसा दिसेल हेही सरकारी टेबलावर ठरू लागलं.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. शाळेचा जिल्हा, पाण्याचा जिल्हा, शहराचा वॉर्ड यांच्या हद्दी एकमेकींना छेदत जातात. त्यामुळे समोरासमोरच्या दोन घरांना वेगळ्या मतपत्रिका लागू शकतात. मतदारयादी, छपाई, यंत्रांची जाहीर चाचणी, शाळा-चर्चमधली मतदान केंद्रं, एका दिवसापुरती माणसं गोळा करणं, आणि नंतर सह्यांची संख्या मतपत्रिकांशी जुळवत बसणं. निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर दिसतो तो अंदाज. अधिकृत निकाल या जुळवाजुळवीनंतर लागतो.

या साध्या टेबलावर काय पणाला लागलेलं असतं, ते २००० मध्ये फ्लोरिडातल्या पाम बीच कौंटीत दिसलं. निवडणूक अधिकारी थेरेसा लेपोर. राष्ट्राध्यक्षपदाचे दहा उमेदवार. म्हाताऱ्या मतदारांना अक्षरं मोठी दिसावीत म्हणून त्यांनी नावं समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली आणि भोकं मध्ये ठेवली. डावीकडे अल गोर यांचं नाव दुसरं, पण त्यांचं भोक तिसरं! दुसरं भोक उजवीकडच्या पॅट ब्युकॅनन यांचं. नमुना आधीच लोकांकडे गेला होता, तेव्हा कुणी गडबड केली नाही. मतदानात मात्र ब्युकॅनन यांना ३,४०७ मतं पडली आणि १९ हजारांहून अधिक मतपत्रिका दोन भोकांमुळे बाद झाल्या. गोर फ्लोरिडा हरले ५३७ मतांनी, आणि त्याबरोबर देशही.

गंमत म्हणजे लेपोर स्वतः गोर यांच्याच पक्षाच्या होत्या, त्यामुळे कटाचा संशय घ्यायलाही जागा नव्हती. हेतू चांगला होता, निर्णय एका टेबलावर झाला, परिणाम जगाने भोगले. २००४ मध्ये त्यांच्या मतदारांनी त्यांनाही घरी बसवलं. हो, तिथे अनेक ठिकाणी निवडणूक घेणारा अधिकारीही निवडूनच येतो! फ्लोरिडाने २००१ मध्ये भोकांची कार्डं बंद केली आणि २००२ च्या केंद्रीय कायद्याने नव्या यंत्रांसाठी पैसे दिले. पण मतदान घेण्याचं काम कौंटीकडेच राहिलं.

मला ही पद्धत पूर्वी निव्वळ अजागळ वाटायची. आता तसं वाटत नाही. इतक्या ठिकाणी विखुरलेली निवडणूक एका हाताने फिरवणं अवघड आहे, हा तिचा मोठा गुण. पण मग सगळा भार पडतो त्या ओळखीच्या, गावातल्याच माणसावर. २०२० नंतर अशा कितीतरी कर्मचाऱ्यांना धमक्या आल्या, काहींनी नोकऱ्या सोडल्या. यंत्रं बदलता येतात, कायदेही करता येतात. पण सह्या आणि मतपत्रिका रात्रभर शांतपणे जुळवत बसणारा माणूस निघून गेला, तर त्याच्या जागी कोण बसणार?

असो. तुम्हाला काय वाटतं?