मॅटरहॉर्नचा दोर

आल्प्स पर्वतातील थोरली शिखरे एकामागून एक माणसाच्या पायाखाली आली, तरी मॅटरहॉर्नचा सुळका १८६५ सालच्या उन्हाळ्यापर्यंत अजिंक्य राहिला होता. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर ४४७८ मीटर उंचीचा हा पहाड चारी अंगांनी तासून काढल्यासारखा उभा आहे. पायथ्याच्या गावांतील वाटाडे कसलेले डोंगरी गडी. पण मॅटरहॉर्नचे नाव निघताच त्यांच्यातले बहुतेक मान हलवीत. माथ्यावर एक उद्ध्वस्त नगर असून तेथे पिशाच्चांचा वास आहे, अशीही समजूत त्या खोऱ्यांत रूढ होती.

एडवर्ड व्हिंपर हा लंडनचा तरुण लाकडी ठशांवर चित्रे कोरून उपजीविका करी. एका प्रकाशकासाठी आल्प्सची चित्रे काढावयास तो १८६० साली प्रथम तिकडे गेला आणि या सुळक्याने त्याला पछाडले. १८६१ पासून इटलीच्या बाजूने त्याने वारंवार प्रयत्न केले. १८६२ मध्ये एकटाच उतरत असता पाय निसटून तो सुमारे दोनशे फूट कोसळला. दैव बलवत्तर म्हणून वाचला. त्या बाजूचा उत्तम जाणकार म्हणजे झाँ-आंत्वान कारेल. तो कधी व्हिंपरच्या साथीस असे, कधी नसे. कारण हा पहाड इटलीच्याच बाजूने, आपल्या माणसांनी जिंकावा अशी त्याची जिद्द होती.

व्हिंपरचे खरे यश त्याच्या पायांपेक्षा डोळ्यांचे आहे. झेरमाट गावातून, म्हणजे स्विस बाजूने, मॅटरहॉर्न पाहिला की त्याची पूर्वेकडील भिंत उभीच्या उभी वाटते. व्हिंपरने तीच भिंत बाजूने न्याहाळली आणि तिचा चढ दिसतो त्याच्या मानाने पुष्कळच सौम्य आहे हे त्याच्या ध्यानी आले. सह्याद्रीचा कडा अगदी समोरून पाहणाऱ्याचीही अशीच फसगत होते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. इटलीकडील धारेवर खडकाचे थर बाहेरच्या अंगास कललेले होते. तेथे पाऊल ठेवावे तर ते उतरत्या कौलावर ठेवल्यासारखे. मग तेच थर स्विस बाजूस पहाडाच्या पोटाकडे कललेले असणार, आणि तेथे निसर्गानेच पायऱ्या घडविलेल्या असणार, असा तर्क त्याने बांधला.

१८६५ च्या जुलैत कारेल इटलीच्या मंडळींबरोबर परस्पर निघून गेल्याचे व्हिंपरला कळले. संतापाच्या भरात तो खिंड ओलांडून झेरमाटला आला. तेथे लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, धर्मोपदेशक चार्ल्स हडसन, हडसनचा १९ वर्षांचा सोबती डग्लस हॅडो, निष्णात फ्रेंच वाटाड्या मिशेल क्रोझ आणि टाउगवाल्डर पितापुत्र अशी सात जणांची तुकडी घाईघाईने जुळली. हॅडोला असल्या कातळाचा सराव नव्हता. घाई नसती तर तो त्या तुकडीत असता की नाही, याची शंकाच आहे.

१३ जुलैच्या पहाटे ते निघाले, दुपारी सुमारे अकरा हजार फुटांवर तंबू ठोकला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच चढू लागले. तर्क खरा ठरला. ज्या भिंतीला सारे भ्याले होते, ती प्रचंड जिन्यासारखी निघाली! माथ्याजवळ उत्तरेच्या अंगाला वळल्यावर मात्र खडकावर बर्फाचा पातळ लेप होता. तेथे हॅडोला पावलोपावली आधार द्यावा लागला. दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी ते शिखरावर पोचले. खाली इटलीच्या धारेवर कारेलची माणसे ठिपक्यांएवढी दिसत होती. त्यांचे लक्ष वेधण्यासाठी व्हिंपर आणि क्रोझ यांनी आरोळ्या दिल्या, दगड लोटले. इटालियन मागे फिरले.

उतरताना अवघड टप्प्यावर खडकाला एक जादा दोर बांधून ठेवावा, असे व्हिंपरने हडसनला सुचविले होते. हडसनला ते पटलेही. पण ते करायचेच असे पक्के ठरले नाही आणि राहून गेले. व्हिंपर चित्र काढीत मागे थांबला, तोवर इतरांनी एकमेकांना दोराने बांधून घेतले. पुढे क्रोझ, मग हॅडो, हडसन, डग्लस, त्यामागे थोरला टाउगवाल्डर. व्हिंपर आणि धाकटा टाउगवाल्डर शेवटी. क्रोझ कुऱ्हाड बाजूला ठेवून हॅडोची पावले एकेक करून खडकावर बसवून देत होता. तो वळला आणि हॅडो घसरून त्याच्यावर आदळला. पाठोपाठ हडसन व डग्लस खेचले गेले. मागच्या तिघांनी खडकाला मिठी मारली. दोर ताणला गेला आणि डग्लस व टाउगवाल्डर यांच्यामध्ये तुटला. चौघे जण सुमारे चार हजार फूट खाली हिमनदीवर पडले. डग्लसचे शव कधीच सापडले नाही.

तुटलेला दोर पाहिला तेव्हा तो सर्वांत जुना व कमजोर असल्याचे आढळले. बळकट दोर शिल्लक असताना तो वापरला गेला होता. टाउगवाल्डरने जीव वाचविण्यासाठी दोर कापला, अशी कुजबुज झेरमाटमध्ये सुरू झाली. चौकशी झाली; कोणीही दोषी ठरले नाही. दोर कापला नसल्याची ग्वाही व्हिंपरने दिली. मात्र १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, कमजोर दोर वापरण्यात वाटाड्याचा स्वार्थ असू शकतो, अशी संशयाची पाल त्याने चुकचुकू दिली. हे त्याला शोभले नाही. दोर त्याच्याच सामानातला होता. बांधाबांधीच्या वेळी तो स्वतः दूर होता. त्या अपघाताची चूक सात जणांत वाटली जाण्याजोगी होती. परंतु झेरमाटच्या गरीब वाटाड्याकडे लंडनमध्ये छापील उत्तर देण्याचे साधन नव्हते. १८८८ साली तो मरण पावला, तेव्हाही तो कलंक पुरता पुसलेला नव्हता.

कारेल १७ जुलै १८६५ रोजी इटलीच्या बाजूने माथ्यावर पोचला. १८९० मध्ये त्याच पहाडावर वादळात सापडलेल्या आपल्या सोबत्यांना त्याने सुखरूप खाली आणले आणि थकव्याने तेथेच प्राण सोडला.

स्विस धारेच्या वरच्या टप्प्यात आज जाड दोर खडकाला कायमचे जखडलेले आहेत. दर उन्हाळ्यात शेकडो लोक ते धरून चढतात आणि उतरतात.