कुलपातली कुलफी

कुलूप आणि कुलफी हे दोन शब्द एकाच घराण्यातले आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अरबी-फार्सीत ‘कुफ्ल’ म्हणजे कुलूप. झाकण घट्ट बसवलेल्या साच्याला त्यावरून नाव पडले आणि साच्याचे नाव आतल्या पदार्थाला चिकटले. म्हणजे कृती नावातच आली: दूध आटवावे, साच्यात कोंडावे, झाकण कणकेने लिंपावे आणि बर्फ-मिठाच्या माठात ठेवून द्यावे. त्याला कोणी घुसळत नाही. आइस्क्रीमची गोष्ट उलटी. ते गोठत असता सारखे घुसळावे लागते.

देशोदेशींच्या आइस्क्रीमचा विषय निघाला की स्वादांची यादी पुढे येते. जपानात हिरव्या चहाचे, इराणात केशर-गुलाबपाण्याचे, फिलिपिन्समध्ये जांभळ्या कंदाचे, इतकेच काय चीजचेही! यादी खरी आहे. परंतु आमच्या मते मुळातला भेद स्वादाचा नव्हे, पाण्याचा आहे. दुधातले पाणी गोठले की त्याचे खडे बनतात. ते जिभेला टोचू नयेत म्हणून ज्याच्या हाताशी जे होते त्यातून त्याने युक्ती काढली.

आधी थंडी हवी. बर्फात मीठ मिसळले की तो वितळू लागतो, वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो आणि पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. सोऱ्याने पाणी गार करण्याची रीत अबुल फझलने ‘आइन-इ-अकबरी’त नोंदली आहे, उत्तरेच्या पहाडांतून लाहोरास येणाऱ्या बर्फाचीही हकीकत तेथे आहे. त्याच सुमारास, १५८९ साली, नेपल्सच्या देल्ला पोर्ताने बर्फ आणि सोरा यांच्या योगे मद्य गोठवण्याची कृती छापली. तोफेची दारू ज्या सोऱ्याची, त्यानेच बादशहाचे पाणी गार व्हावे, हीही एक मौजच.

नेपल्समध्येच सतराव्या शतकाच्या अखेरीस अंतोनियो लातिनीने दुधाच्या सोर्बेत्तोची कृती लिहिली. फ्रान्सने पुढे अंड्याचा बलक पत्करला. बलक पाणी आणि स्निग्धांश यांना धरून ठेवतो. अमेरिकेचे अध्यक्ष जेफर्सन यांच्या हस्ताक्षरातील कृतीत सहा बलक आहेत. त्याच देशात फिलाडेल्फियाची रीत मात्र बिनअंड्याची. तिथे १८४३ साली नॅन्सी जॉन्सन या बाईंनी हाताने फिरवायच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि घुसळणे घरोघर सोपे झाले. घुसळण्याने खडे बारीक राहतात. पण त्याबरोबर हवाही आत शिरते. लहानपणी लाकडी बादलीतल्या पॉटचा दांडा आम्ही आळीपाळीने फिरवीत असू. मिश्रण घातले त्याहून डबा अधिक भरलेला निघे, ती आम्हांला मीठ-बर्फाची बरकत वाटे! इटलीचे जेलातो हवा कमी घेते, म्हणून ते अधिक घट्ट लागते.

तुर्कस्तानातील मराशच्या लोकांनी तिसराच मार्ग काढला. ते रानटी ऑर्किडच्या कंदाचे पीठ, सालेप, दुधात घालतात आणि गोठलेला गोळा कुटून-ताणून चिवट करतात. तो सुरी-काट्याने खातात. दमास्कसच्या हमीदिया बाजारातही लाकडी मुसळांनी असेच कुटतात. ही चव महाग पडली आहे: एका किलो सालेपसाठी हजाराहून अधिक कंद उपटावे लागतात, आणि रानातली ही झाडे विरळ होत चालल्यामुळे तुर्कस्तानला त्याची निर्यात बंद करावी लागली.

आपल्याकडे बर्फ समुद्रावरूनही आला. १८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्यास रवाना केला; चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला शंभरेक टन उरला. मद्रासचे बर्फघर १८४२ चे. त्याला आज विवेकानंद इल्लम म्हणतात. तो बर्फ मुख्यतः साहेबांच्या आणि धनिकांच्या मेजावर गेला. कारखान्यातला बर्फ स्वस्त झाला तेव्हाच माठ डोक्यावर घेऊन रात्री गल्लीत हाळी देणारा कुलफीवाला शक्य झाला असावा, असा आमचा तर्क आहे.

आता कायद्याकडे पाहा. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांनी आइस्क्रीम आणि कुलफी यांना एकाच कलमात बसवले: दुधाची चरबी निदान दहा टक्के, आणि एका लिटरचे वजन निदान ५२५ ग्रॅम. न घुसळलेले तेवढेच मिश्रण किलोच्या वर भरते. म्हणजे निम्मी जागा हवेने घेतली तरी नियम मोडत नाही. ही मोजणी घुसळलेल्या पदार्थासाठी ठीक आहे. पण जिच्यात हवा घालायचीच नसते, त्या कुलफीला ही सवलत कशाला? तिला वेगळे कलम आणि वेगळे वजन मिळावे, अशी आमची मागणी आहे. नाहीतर यंत्रात फुगवलेली वस्तूही ‘कुलफी’ म्हणूनच विकली जाईल.