अनुभव वक्र (ऊर्जा तंत्रज्ञान)

एखाद्या वस्तूचे आजवरचे एकूण उत्पादन दुप्पट झाले की नगामागचा खर्च साधारण ठरावीक टक्क्यांनी उतरतो, हा संबंध दाखवणारी रेषा. अमेरिकन अभियंता थिओडोर राइट यांनी १९३६ मध्ये विमानबांधणीच्या आकड्यांवरून तो मांडला. येथे मोजमाप वर्षांचे नसून तयार झालेल्या नगांचे असते, ही बाब वारंवार विसरली जाते.

सौर विद्युत घट हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार झालेला सिलिकॉनचा घट सुमारे ६ टक्केच प्रकाशाची वीज करी. १९५८ मध्ये व्हॅनगार्ड १ उपग्रहावर असे घट बसले, कारण अवकाशात किमतीचा प्रश्न गौण होता. पुढे दर दुपटीला पॅनेलची किंमत सरासरी २० टक्क्यांच्या आसपास घटली. १९७० च्या दशकाच्या मध्यास, २०१९ च्या मोलाने, वॅटला १०० डॉलरच्या घरात असलेली किंमत २०१९ पर्यंत अर्ध्या डॉलरखाली आली. चकत्या पातळ कापणे, कापताना वाया जाणारे सिलिकॉन वाचवणे, कारखाने मोठे करणे, अशा असंख्य सुधारणांची ही बेरीज. ती आपोआप होत नाही. माल महाग असतानाच कोणीतरी तो विकत घ्यावा लागतो. जर्मनीने २००० च्या कायद्याने सौर विजेला २० वर्षांचा हमीदर देऊन हा भार उचलला, आणि त्याचे ऋण साऱ्या जगावर आहे. २०१७ मध्ये राजस्थानातील भादला येथील लिलावात युनिटचा दर २.४४ रुपयांपर्यंत उतरला.

नियम सार्वत्रिक नाही. फ्रान्समधील अणुभट्ट्यांचा बांधकामखर्च अनुभवासोबत वाढत गेला. कारखान्यात लाखोंनी निघणारी वस्तू आणि प्रत्येक जागी नव्याने उभारायचे अवाढव्य बांधकाम यांतला हा फरक आहे.