पुण्याचे नाक आणि पंचवीस दिवस

आपल्या भाषेने अब्रूला नाकावर नेऊन बसविले आहे. घराण्याची लाज गेली की नाक कापले गेले म्हणावयाचे, आणि निरुपाय झाला की नाक मुठीत धरावयाचे. पूर्वी हे केवळ बोलण्यापुरते नव्हते. शिक्षा म्हणून, सूड म्हणून, नुसत्या संशयावरूनसुद्धा खरोखरीच नाके कापली जात, आणि त्यांत बायकाही असत. चेहरा पुन्हा नीट करण्याची विद्या आपल्या देशात फार प्राचीन काळापासून आहे, याचे म्हणूनच नवल वाटावयास नको.

या विद्येचा इतिहास सांगताना शस्त्र चालविणाऱ्यांचे कौतुक पुष्कळ होते. मला मात्र भगिनींना त्यापुढची गोष्ट सांगावयाची आहे. पट्टी बांधून झाल्यावर जखम भरेपर्यंतचे दिवस माणसाने कसे काढावयाचे?

सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची रीत दिली आहे. झाडाचे पान नाकाएवढे मोजून कापावयाचे, त्या मापाची गालाची त्वचा उचलून नाकाच्या जागी जोडावयाची, आणि श्वासासाठी दोन नळ्या बसवावयाच्या. पण वैद्याचे काम तेथे संपत नाही. जोडलेल्या जागेवर ज्येष्ठमधादिकांचे चूर्ण घालावे, तिळाच्या तेलाने ती वारंवार भिजवावी आणि रोग्यास तूप पाजावे, असे पुढे सांगितले आहे. शुश्रूषेलाही शास्त्रात जागा होती ती अशी.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात कावसजी नावाच्या एका मराठी गाडीवानाची हकीकत चित्रासह छापून आली. तो इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकीत असे. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. ही क्रिया कशी करतात ते पाहिलेल्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावे त्या लेखात आहेत. ज्याच्या हातात ही कला होती त्याचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही.

मेणाचा पातळ पत्रा करून नाकाचे माप घ्यावयाचे, तो कपाळावर सपाट ठेवून तेवढी त्वचा सोडवावयाची, आणि दोन भुवयांमधली लहानशी पट्टी न तोडता ती त्वचा खाली वळवून जोडावयाची, अशी ही रीत होती. त्या पट्टीतून रक्त येत राही, म्हणून नवे नाक जगे. त्यानंतरचा हिशेब पाहा. आपल्या पानाच्या डब्यातला कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावीत आणि चार दिवस त्याच ठेवीत. मग तुपात भिजविलेल्या चिंध्या. पाच-सहा दिवस उताणे निजून राहावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापड घालावयाचे. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापावयाची. कपाळावरचा वण पुढे काही काळाने फारसा दिसत नाही, असेही लेखात म्हटले आहे. तो 'काही काळ' किती, हे मात्र आकड्यात सांगितलेले नाही.

यापूर्वी इटलीत तालियाकोत्सी या वैद्याने १५९७ साली आपल्या ग्रंथात दंडाच्या कातडीचे नाक वर्णिले होते. त्याच्या रोग्याला हात चेहऱ्याशी बांधून सुमारे तीन आठवडे बसावे लागे. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी हिंदुस्थानी रीत अभ्यासून १८१४ साली तेथे ती प्रथम केली व १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. गुंगीचे औषध तेव्हा नव्हते.

पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी हजारो तरुणांचे चेहरे उद्ध्वस्त झाले. हॅरल्ड गिलीज या शल्यवैद्यांनी इंग्लंडात सिडकप येथे १९१७ पासून त्यांच्यावर उपचार केले. एकेका सैनिकावर अनेक शस्त्रक्रिया होत, आणि दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये कित्येक आठवडे जात. पंचवीस दिवसांची वर्षे झाली. वॉर्डांत आरसे नसत. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही बाके निळ्या रंगाने रंगविलेली होती. त्यांवर बसलेल्या माणसाकडे पाहून दचकू नये, अशी ती गावकऱ्यांना सूचना असे.

दुसऱ्या महायुद्धात गिलीज यांचेच नातलग आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी ईस्ट ग्रिन्स्टेड येथे भाजलेल्या वैमानिकांवर उपचार केले. त्यांनी गावालाच विश्वासात घेतले. या मुलांना घरी चहाला बोलवा, त्यांच्याशी नेहमीसारखे बोला, टक लावून पाहू नका, असा त्यांचा आग्रह होता. गावाने तो पाळला. 'टक लावून न पाहणारे गाव' म्हणून ते पुढे ओळखले गेले. रोग्यांनी १९४१ साली स्वतःचा एक क्लब काढला, आणि त्याची सभासद संख्या सहाशेच्या वर गेली.

आज लेसर आहे, त्वचा घासून काढण्याचे यंत्र आहे. घासलेल्या जागी नवी त्वचा साधारणपणे सात ते दहा दिवसांत येते, पण लाली कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिने राहते. आपल्या सावळ्या वर्णावर ती जागा काही महिने काळसर पडण्याचा संभव अधिक. म्हणून डॉक्टर ऊन कटाक्षाने टाळावयास सांगतात. व्रण पुरता मुरावयास वर्ष-दीड वर्ष लागते. यंत्रे बदलली, पण शरीर आपल्याच चालीने चालते.

माझ्या भाचीचे उदाहरण देते. चकल्या तळताना तेल उडून तिच्या गालावर व्रण राहिले. वर्षभराने लेसरचे उपचार झाले. खपल्या आठवड्यात पडल्या, पण पुढे ती जागा काळवंडली. हे होईल असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तरी घरी येणारी प्रत्येक बाई आधी गालाकडे पाही आणि मग खुशाली विचारी. "एवढे पैसे ओतून हेच का गं?" असे तोंडावर म्हणणाऱ्याही निघाल्या. पोरीने हळदीकुंकवाला जाणे सोडले आणि पुढचे उपचारही नकोत म्हणू लागली.

शेजारी एक आजी राहतात. त्यांच्या चेहऱ्यावर बालपणच्या देवीचे वण आहेत. त्या तिला रोज दिवेलागणीला हाक मारीत आणि भाजी निवडावयास बसवीत. गालाविषयी त्यांनी कधी शब्दही काढला नाही. मेथीच्या जुड्या निवडता निवडता पाच महिने गेले, काळसरपणा उतरला आणि पोरगी पुढच्या उपचारांना आपण होऊन गेली. व्रण अगदीच गेले असे नाही. जवळून पाहिले तर दिसतात. पण ती आता पदर गालावर ओढून घेत नाही.

जखम भरण्याचे दिवस डॉक्टरही कमी करू शकत नाहीत. ते सुसह्य करणे मात्र शेजारणींच्या हाती आहे. आपल्या वस्तीत अशी कोणी मुलगी पट्टी बांधून घरी आली, तर मंडळाच्या भगिनींनी तिला पूर्वीसारखीच हाक मारावी, कामाला बोलवावे, आणि 'डाग गेला का?' हा प्रश्न तेवढा वर्षभर विचारू नये, अशी माझी नम्र विनंती आहे.