यात्रा, गर्दी आणि आपत्ती : मंदिर विश्वस्तांनी करावयाची पूर्वतयारी

आदिलाबाद जिल्ह्यातील बहुतेक देवस्थाने एरवी शांत असतात. परंतु यात्रेच्या दिवसांत त्याच प्रांगणात एखाद्या लहान शहराइतकी माणसे उभी राहतात. पौष अमावास्येस केसलापूरची नागोबा यात्रा भरते, कार्तिकात जैनथ येथे श्रीलक्ष्मीनारायणाचा उत्सव होतो, तर महाशिवरात्रीस कुंताला धबधब्याजवळ श्रीसोमेश्वराच्या दर्शनास भाविक जमतात. दर बारा वर्षांनी येणारे गोदावरीचे पुष्कर २०१५ नंतर २०२७ मध्ये येत असून, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील बासर हे त्याचे एक प्रमुख क्षेत्र आहे. २०१५ च्या पुष्करात पहिल्याच दिवशी, १४ जुलै रोजी, राजमहेंद्री येथील घाटावर चेंगराचेंगरी होऊन किमान २७ भाविकांना प्राणास मुकावे लागले. म्हणून आपत्कालीन पूर्वतयारी म्हणजे काय, शासनाची व्यवस्था कशी आहे आणि तिच्यात देवस्थानाचे स्थान कोणते, याची माहिती विश्वस्त व भाविक यांच्यासाठी येथे संकलित केली आहे.

मांढरदेवीची दुर्घटना

मराठी भाविकांना विसरता येणार नाही अशी घटना २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेस, सातारा जिल्ह्यातील वाईजवळच्या मांढरदेवी येथे घडली. श्रीकाळुबाईच्या यात्रेस डोंगरावर लाखोंचा समुदाय लोटला होता. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. वाट अरुंद होती आणि तिच्या दोन्ही बाजूंस दुकाने दाटली होती. काही जण घसरून पडले, मागून येणाऱ्यांचा रेटा थांबला नाही. पुढे दुकानांना आगी लागल्या व गॅसच्या टाक्या फुटल्या. सुमारे ३०० भाविक मृत्युमुखी पडले.

यातील एकही कारण अचानक उद्भवलेले नव्हते. नारळ दरवर्षी फुटत होते, वाट दरवर्षी तीच होती, दुकानेही तेथेच लागत होती. ही कारणे यात्रेपूर्वी शांतपणे फिरून पाहणाऱ्यास दिसू शकली असती. असे आधी पाहणे, लिहून ठेवणे आणि वेळीच दूर करणे यालाच पूर्वतयारी म्हणतात.

कायदा व शासकीय यंत्रणा

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्राने जिल्हावार आपत्ती आराखडे तयार करण्यास प्रारंभ केला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ संमत केला. या कायद्यानुसार राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद कलम २५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. कलम ३१ नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असणे व दरवर्षी त्याचा आढावा घेणे आवश्यक आहे. स्थानिक संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, असे कलम ४१ सांगते. राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१४ मध्ये यात्रा व मेळे यांतील गर्दीच्या व्यवस्थापनासंबंधी स्वतंत्र मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली आहे.

यंत्रणा सज्ज असल्यास काय साधते, याचे उदाहरण आपल्या परिसरातच आहे. कडेम धरण १९५८ मध्ये फुटले होते. जुलै २०२२ मध्ये त्याच धरणात सांडव्याच्या क्षमतेपेक्षा अधिक पाणी आले. त्या वेळी धरणाखालील गावे तातडीने रिकामी करण्यात आली.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हैदराबाद येथून आदिलाबाद सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. तेथून निघालेले बचाव पथक पोहोचण्यास पाच-सहा तास लागतात. चेंगराचेंगरीत मात्र पहिली काही मिनिटेच निर्णायक असतात. ही मिनिटे मंदिरातील पुजारी, सेवेकरी, दुकानदार आणि रांगेतील भाविक यांच्याच हाती असतात. म्हणून राज्याचा आराखडा कितीही उत्तम असला, तरी देवस्थानाचा स्वतःचा आराखडा नसेल तर तो मंदिराच्या पायरीपर्यंत पोहोचत नाही.

गर्दीचे गणित

चेंगराचेंगरीत माणसे केवळ पायदळी तुडविली जाऊन मरतात, असा समज आहे. प्रत्यक्षात अनेकांचा मृत्यू छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने, पुष्कळदा उभ्या उभ्याच होतो. एक चौरस मीटर जागेत चार माणसे झाली की सावध व्हावे. सहा-सात झाली की कोणासही स्वतःच्या इच्छेने हलता येत नाही आणि गर्दी पाण्यासारखी लोटू लागते. अशा वेळी मागच्यांना पुढे काय घडले ते दिसत नाही. ते ढकलतच राहतात.

सपाट जागेवर एक मीटर रुंदीच्या वाटेने एका मिनिटात फार तर ८० माणसे सुरळीत जाऊ शकतात. पायऱ्यांवर ही संख्या आणखी कमी होते. म्हणजे दोन मीटर रुंदीच्या एकाच दरवाजातून ५,००० भाविक बाहेर पडण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागेल. विश्वस्तांनी आपल्या मंदिराचा प्रत्येक दरवाजा मोजून हे गणित एकदा अवश्य मांडावे.

देवस्थानाचा आराखडा

आराखडा मोठा असण्याची गरज नाही. दोन-तीन पानांत पुढील बाबी असाव्यात :

१. मंदिर व परिसराचा नकाशा. त्यावर दरवाजे, पायऱ्या, विहीर वा घाट, विजेचा मुख्य खटका आणि पाण्याची टाकी दाखवावी.
२. प्रवेश व निर्गम यांच्या वाटा स्वतंत्र असाव्यात. यात्राकाळात बाहेर जाण्याच्या कोणत्याही दरवाजास कुलूप नसावे.
३. रुग्णवाहिका व अग्निशमन बंब यांच्यासाठी एक वाट पूर्णतः मोकळी ठेवावी. तेथे दुकान वा वाहन नसावे.
४. नारळ फोडण्याची जागा पायऱ्यांपासून दूर असावी व तेथील पाणी वाहून जाण्याची सोय करावी.
५. प्रसादाच्या स्वयंपाकाची जागा, गॅसच्या टाक्या आणि शोभेची दारू गर्दीपासून दूर ठेवावी. एप्रिल २०१६ मध्ये केरळातील पुट्टिंगल देवी मंदिरात दारूकामाच्या स्फोटाने शंभराहून अधिक जणांचा बळी घेतला होता.
६. रांग थांबविण्याचा निर्णय कोणी घ्यावा, ते नाव आधीच ठरलेले असावे. त्याच्या अनुपस्थितीत कोण, हेही लिहावे.
७. ध्वनिक्षेपकावरील सूचना मराठी, तेलुगू व गोंडी या तिन्ही भाषांत आधीच लिहून ठेवाव्यात. त्या संथ स्वरात सांगाव्यात. ‘पळा’ हा शब्द कधीही उच्चारू नये.
८. जिल्हा नियंत्रण कक्ष, तहसीलदार, पोलीस ठाणे व जवळचे रुग्णालय यांचे क्रमांक भिंतीवर ठळक लावावेत. ११२ (आपत्कालीन मदत), १०८ (रुग्णवाहिका) व १०१ (अग्निशमन) हेही त्यात असावेत.

आराखड्याची एक प्रत तहसील कार्यालयात व एक पोलीस ठाण्यात द्यावी. यात्रेची अपेक्षित संख्या व वेळा प्रशासनास लेखी कळवाव्यात.

प्रशिक्षण व सराव

केंद्र शासनाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना सुरू करून ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ६,००० स्वयंसेवक तयार करण्याचे ठरविले. पुढे ती ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढविण्यात आली. शासकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी हैदराबाद येथे डॉ. मर्री चेन्ना रेड्डी मानव संसाधन विकास संस्था, तर पुणे येथे यशदा या संस्था आहेत. देवस्थानाने अग्निशमन केंद्र व आरोग्य विभाग यांना लेखी विनंती करून एक दिवसाचे शिबिर मंदिरातच घ्यावे.

सेवेकऱ्यांना किमान तीन गोष्टी हाताने करता आल्या पाहिजेत : अग्निशामक नळकांडे चालविणे, जखमीस उचलणे आणि हृदय बंद पडलेल्यास छातीवर दाब देणे. हा दाब मिनिटास १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटीमीटर खोल द्यावयाचा असतो. ही कृती वाचून येत नाही. पुतळ्यावर सराव करूनच येते.

यात्रेपूर्वी एक महिना आराखड्याचे वाचन व पंधरा दिवस आधी प्रत्यक्ष सराव करावा. दिवे बंद करून, एक दरवाजा अडला आहे असे समजून सर्वांना बाहेर काढून पाहावे व लागलेला वेळ नोंदवावा. यात्रेनंतर आठ दिवसांत बैठक घेऊन राहिलेल्या उणिवा इतिवृत्तात लिहाव्यात.

भाविकांनी घ्यावयाची काळजी

मुलांच्या खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. आत येताच बाहेरची दुसरी वाट पाहून घ्यावी. गर्दी दाटल्यास दोन्ही हात छातीसमोर धरून श्वासास जागा ठेवावी, खाली पडलेली वस्तू उचलण्यास वाकू नये आणि रेट्याच्या विरुद्ध न जाता तिरपे सरकत कडेस यावे. नदीवर वा धबधब्याजवळ पावसाळ्यात पाण्यात उतरू नये.

देवदर्शनास आलेला प्रत्येक जण सुखरूप घरी परतावा, ही मंदिराची जबाबदारी पूजाअर्चेइतकीच महत्त्वाची आहे. सर्व विश्वस्तांनी आगामी बैठकीत हा विषय अग्रक्रमाने घ्यावा आणि भाविकांनी सेवेकरी म्हणून आपली नावे कार्यालयात नोंदवावीत, ही नम्र विनंती.

— सचिव, विश्वस्त मंडळ